नाटकाचे कपडे आपणच शिवू या

मुलांनो, वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेत नाटकाच्या तालमी सुरू होतात. पात्रे ठरतात, संवाद पाठ होतात. मग एक दिवस कोणीतरी विचारते, "टीचर, कपडे कुठून आणायचे?"

राजा, वजीर, शिपाई यांचे कपडे भाड्याने मिळतात. पण ते एका दिवसाच्या बोलीवर मिळतात, अनामत रक्कम ठेवावी लागते आणि बारा वर्षांच्या मुलाच्या अंगावर मोठ्या माणसाचा अंगरखा चढतो. शिपाई रंगमंचावर येतो तेव्हा त्याची तलवार दिसत नाही, नुसत्या लोंबणाऱ्या बाह्या दिसतात. गंभीर प्रसंगात लोक हसतात.

आणखी एक गोष्ट मी अनेकदा पाहिली आहे. कपड्यांची वर्गणी जाहीर झाली की एखादा उत्तम बोलणारा मुलगा हळूच जवळ येतो आणि म्हणतो, "टीचर, मला नाटकात काम करायचे नाही." तो खरे कारण सांगत नाही. आपणही ते खोदून विचारू नये. कपडे शाळेतच शिवले, तर त्याच्यावर ही वेळ येत नाही.

शिलाई मशीन तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. कोणाची अम्मी, कोणाची खाला त्या मशीनवर शेजाऱ्यांचे कपडे शिवत असेल. तरीही "मला शिवता येत नाही" असे बहुतेक मुले म्हणतात आणि मुलगे तर ते जरा अभिमानाने म्हणतात. हा अभिमान मला समजत नाही. बाजारातल्या शिंप्याच्या दुकानात जाऊन पाहा. तिथे मशीनवर बसलेले बहुतेक लोक पुरुषच असतात.

नाटकाचे कपडे हे नवशिक्यासाठी फार चांगले काम आहे. रोज वापरायचा सदरा शिवायचा असेल तर कॉलर, काजे, खिसा, मनगटपट्टी हे सगळे यावे लागते. नाटकाचा पोशाख दुरून पाहायचा असतो. त्यात सरळ टीप, दुमड आणि नेफा एवढे आले तरी भागते. टीप म्हणजे मशीनच्या टाक्यांची ओळ. घरी तुम्ही तिला बखिया म्हणता.

उदाहरणासाठी एक नाटक घेऊ. विषय आहे चाँदबीबी. ती अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम. १५९५ साली शहजादा मुराद याच्या सैन्याने अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला. (२०२४ पासून या शहराचे नाव अहिल्यानगर आहे. किल्ला तिथे आजही उभा आहे.) सुरुंगाने तटाला खिंडार पडले, तेव्हा चाँदबीबी स्वतः तटावर उभी राहिली आणि रातोरात ते खिंडार बुजवून घेतले. नाटकात मुख्य प्रसंग हाच.

या नाटकात चौदा पात्रे आहेत असे धरू. चाँदबीबी, चार दासी, वजीर, शहजादा, दूत आणि सहा शिपाई. शिपायांनी घरचाच पांढरा कुर्ता-पैजामा घालायचा आणि कमरेला रंगीत पटका बांधायचा. एवढ्याने तो शिपाई होतो. वजीर, शहजादा, दूत आणि चाँदबीबी यांना चोगा हवा, त्यावर पटका हवा. दासींना घागरा. चाँदबीबी आणि शहजादा यांच्या खांद्यावर झगा. हिशोब करा. दहा पटके, चार चोगे, चार घागरे, दोन झगे. एकूण वीस नग. शाळेत मशीन दोनच आणि दिवस पंधरा. म्हणजे गडबड करून चालणार नाही आणि आळस करूनही चालणार नाही. कापडही मोजकेच आहे. दोन मीटर कापड चुकीचे कापले गेले, तर वजिराला दरबारात शाळेच्या गणवेशात उभे राहावे लागेल.

दख्खनच्या जुन्या लघुचित्रांत पुरुषांच्या कमरेला पटका हमखास दिसतो. लांब जामा, त्यावर पटका, पटक्याची दोन्ही टोके समोर सोडलेली. चाँदबीबी घोड्यावर बसून हातावर बहिरी ससाणा घेऊन निघाली आहे, अशी चित्रेही प्रसिद्ध आहेत. कापड आणण्याआधी इतिहासाच्या पुस्तकातली अशी चित्रे नीट पाहून घ्या. आपल्याला हुबेहूब नक्कल करायची नाही. पण पाहणाऱ्याला काळ ओळखू आला पाहिजे.

आता मशीनकडे वळू.

हाताच्या सुईला नाक मागच्या टोकाला असते. मशीनच्या सुईला ते अणीजवळ असते. सगळी युक्ती इथेच आहे. सुई कापडाच्या खाली जाते, तेव्हा वरचा दोरा आपल्याबरोबर खाली नेते. सुई वर येऊ लागली की त्या दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. खाली फिरणारे शटल तो फास पकडते आणि त्यातून बॉबिनचा दोरा जातो. वरचा दांडा वर उठतो, फास आवळला जातो आणि एक टाका पुरा होतो. वरचा दोरा आणि खालचा दोरा कापडाच्या मध्यभागी एकमेकांत अडकतात. म्हणून हा टाका दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. अमेरिकेत इलायस होव याने १८४६ मध्ये अशा टाक्याच्या मशीनचे पेटंट घेतले आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने आपल्या सुधारलेल्या मशीनचे. त्याच्याही आधी फ्रान्समध्ये थिमोनिये नावाच्या शिंप्याने मशीन बनवून लष्कराचे गणवेश शिवायला घेतले होते. आपला धंदा बुडेल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी १८३१ मध्ये त्याची मशीने मोडून टाकली.

मशीनवर बसल्यावर लगेच कापड घेऊ नका. आधी सुईत दोरा न ओवता वहीचा रेघी कागद घ्या. कागद सुईखाली ठेवा, लोखंडी फूट खाली सोडा, उजव्या हाताने चाक स्वतःकडे फिरवा आणि पायाने पायडल चालू ठेवा. चाक उलटे फिरले की दोरा अडकतो. म्हणून पायाला आणि हाताला आधी ही सवय लागू द्या. सुईची भोके वहीच्या रेघेवरच पडली पाहिजेत. पहिल्या पानावर ती दारू प्यालेल्या माणसासारखी चालतील. चौथ्या-पाचव्या पानावर सरळ येतील. कागदाने सुई बोथट होते. या सरावासाठी एखादी जुनी सुई वेगळी ठेवा.

कागदावर शिकताना एक गोष्ट लक्षात येते. कागद आपण ओढायचा नसतो. फुटाखाली बारीक दाते असतात, ते त्याला पुढे सरकवतात. आपल्या हातांनी फक्त दिशा द्यायची. नवशिका कापड मागून ओढतो, सुई वाकते आणि पट्टीवर आपटून तुटते. मग तो मशीनला दोष देतो. डोळे सुईवर ठेवू नका. फुटाच्या कडेवर ठेवा. सायकल चालवताना आपण पुढच्या चाकाकडे पाहत नाही, रस्त्याकडे पाहतो, तसेच हे आहे.

सुती कापडाला चौदा नंबरची सुई चालते. जाड कापडाला सोळा नंबरची घ्या. टाका अडीच मिलिमीटरचा ठेवा. शिवायला सुरुवात करताना वरच्या आणि खालच्या दोऱ्यांची टोके फुटाखालून मागे घ्या आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत बोटाने धरून ठेवा. हे केले नाही तर खाली दोऱ्याचा गुंता होतो. सुईत दोरा ओवताना पाय पायडलवरून पूर्ण काढा. ही गोष्ट मी दहा वेळा सांगते आणि अकराव्यांदाही सांगेन. मशीनची सुई बोटातून आरपार जाते.

टीप खराब आली तर घाबरू नका. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फास लोंबत असतील, तर बहुधा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो किंवा त्याचा ताण सैल असतो. पुन्हा पहिल्यापासून दोरा ओवा. मधले टाके सुटत असतील, तर सुई वाकली आहे का किंवा उलटी बसली आहे का ते पाहा. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवा. नाहीतर शहजाद्याच्या झग्यावर काळे डाग पडतील.

पहिले काम पटक्याचे. यासाठी नवे कापड विकत घेऊ नका. घरी जुन्या सुती साड्या असतात, त्या मऊ असतात आणि सुईखाली घसरत नाहीत. पाच मीटर लांबीची साडी मधोमध कापा, म्हणजे अडीच मीटरचे दोन तुकडे होतील. प्रत्येक तुकडा लांबीत उभा दुभंगा. चार पटके निघाले. प्रत्येकाला एका बाजूला साडीचा काठ आपोआप मिळाला, तो दुमडायची गरज नाही. तीन साड्यांत दहा पटके होतात आणि वर दोन पटक्यांचे कापड उरते. ते सरावाला घ्या.

कापलेली कड अर्धा सेंटिमीटर आत दुमडा, मग पुन्हा एक सेंटिमीटर दुमडा. आता धागे सुटणार नाहीत. दुमड हाताने चेपून टाचण्या लावा. टाचणी टिपेला आडवी लावा, तिचे डोके बाहेरच्या बाजूला ठेवा आणि फूट जवळ आला की ती काढून घ्या. मग दुमडीच्या आतल्या कडेने टीप मारा. अडीच मीटर सरळ टीप म्हणजे नवशिक्यासाठी मोठा प्रवास आहे. तो संपता संपता हात स्थिर होतो. कोपऱ्यावर पोहोचलात की सुई कापडात खाली रुतलेली असू द्या, फूट वर उचला, कापड वळवा, फूट खाली सोडा आणि पुढे चला. दहा पटके दहा जणांनी शिवावेत. एकाच हुशार मुलीने सगळे शिवून टाकले, तर काम लवकर होईल पण बाकीचे नऊ जण कोरेच राहतील.

वजिराच्या पटक्याला टोकाशी गोटा लावा. त्याच्या दोन्ही कडांवर टीप मारावी लागते. दोन्ही टिपा एकाच दिशेने मारा. एक खालून वर आणि दुसरी वरून खाली मारली, तर पट्टी पिळवटते आणि चुण्या पडतात. ही लहानशी गोष्ट आहे, पण शिवणारा नवखा की जाणता हे तिच्यावरून ओळखू येते.

दुसरे काम घागऱ्याचे. यासाठी कोरा मांजरपाट किंवा रंगीत पॉपलीन घ्या. साटीन दुकानात चमकते म्हणून मुली तेच मागतात. ते टाचण्यांना जुमानत नाही आणि सुईखालून घसरते. पहिल्या वर्षी साटीन नको. कापड आणल्यावर आधी पाण्यात भिजवा आणि वाळवा. कोरे सुती कापड आटते. शिवल्यानंतर आटले, तर दासीचा घागरा गुडघ्याशी येईल. आटण्याचा विचार करून दुकानात थोडे जास्तच कापड घ्या.

समजा, घागऱ्याची उंची कमरेपासून ऐंशी सेंटिमीटर हवी आहे. वर नेफ्यासाठी चार आणि खाली दुमडीसाठी पाच मिळवा. एकोणनव्वद झाले. आपण नव्वद धरू. घेर कमरेच्या तिप्पट ठेवला की चुण्या छान पडतात. कंबर साठ असेल तर घेर एकशे ऐंशी. नव्वद पन्ह्याच्या कापडाचे नव्वद सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे घेतले की काम झाले. एका घागऱ्याला एक मीटर ऐंशी सेंटिमीटर कापड लागले. आता चार घागऱ्यांचा हिशोब तुम्ही वहीत करा.

दोन्ही तुकडे सुलट बाजू एकमेकींना लावून ठेवा. उलट बाजू बाहेर दिसली पाहिजे. दोन्ही कडांना उभ्या टिपा मारा. एका बाजूची टीप वरून बारा सेंटिमीटर मोकळी सोडा आणि त्या उघड्या कडा आत वळवून शिवा. इथूनच नाडी बाहेर येणार आहे. वरची कड आधी एक आणि मग तीन सेंटिमीटर दुमडून तिच्या खालच्या कडेने टीप मारा. हा झाला नेफा. नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन लावा आणि ती पिन नेफ्यात सरकवत न्या. खालची दुमड सर्वांत शेवटी करा. ज्या मुलीला तो घालायचा आहे, तिला घागरा नेसवून उभी करा आणि जमिनीपासून पाच सेंटिमीटर वर खूण करा. जमिनीला टेकणारा घागरा चित्रात सुंदर दिसतो. रंगमंचावर त्यात पाय अडकून दासी चाँदबीबीच्या अंगावर पडते.

झग्यासाठी वेगळे काही शिकायला नको. आडवा कापडाचा तुकडा, वरच्या कडेला नेफा, नेफ्यात नाडी. तीच नाडी कमरेऐवजी गळ्याशी बांधली की घागऱ्याचा झगा होतो. गळ्याशी पक्की गाठ मारू नका. लढाईच्या प्रसंगात कोणी मागून झगा ओढला, तर ती सहज सुटली पाहिजे.

चोगा मात्र विचार करून कापावा लागतो. शिवण्यापेक्षा बेतण्यातच खरे काम आहे.

एकशे पंधरा सेंटिमीटर पन्ह्याचे दोन मीटर कापड घ्या. ते लांबीत मधोमध दुमडा. ही दुमड म्हणजे खांदा. मग पन्ह्यातही मधोमध दुमडा. आता चार पदर झाले. वरची कड खांद्याची आणि एक बाजूची कड अंगाच्या मध्याची. खांद्याच्या दुमडीपासून बाहेरच्या कडेने बावीस सेंटिमीटर खाली खूण करा. ही बाहीची रुंदी. त्या खुणेपासून आत, मध्यदुमडीपासून एकोणतीस सेंटिमीटर अंतर राहील तिथपर्यंत, आडवी रेघ ओढा. तिथून खाली तिरपी रेघ न्या आणि तळाशी मध्यदुमडीपासून अडतीस सेंटिमीटरवर ती संपवा. काखेत कोपरा ठेवू नका, गोलाई द्या. छाती शहात्तर सेंटिमीटरच्या आसपास असेल तर हा चोगा सैल बसतो. बाही कोपराच्या खाली येते आणि खांद्यापासून उंची दुमड धरून एक मीटर भरते. इतरांसाठी माप घ्या आणि आकडे बदला. छातीच्या मापाचा चौथा हिस्सा, त्यात सैलपणासाठी आठ आणि शिवणीसाठी दोन. शहात्तरचा चौथा हिस्सा एकोणीस. एकोणीस आणि आठ सत्तावीस, त्यात दोन मिळवले की एकोणतीस.

कात्री लावण्याआधी हे सर्व वर्तमानपत्राच्या कागदावर काढा. कागद चिकटवून मोठा करा, कापा आणि वजिराच्या अंगाला लावून पाहा. कागद चुकला तर दुसरा मिळतो. कापड चुकले तर मिळत नाही.

गळा आधी लहानच कापा. मध्यदुमडीपासून सात सेंटिमीटर रुंद आणि समोर सहा सेंटिमीटर खोल एवढा पुरे. लहान गळा मोठा करता येतो. मोठा झालेला गळा कोणत्याही मास्टरला लहान करता येत नाही. मग फक्त समोरचा पदर गळ्यापासून तळापर्यंत मधोमध कापा. मागचा पदर बाजूला करून घ्या. घाईत चारही पदर एकदम कापले गेले, तर चोग्याचे दोन तुकडे हातात येतील.

आता सुलट बाजू एकमेकींना लावा. बाहीच्या टोकापासून काखेपर्यंत आणि काखेतून तळापर्यंत एकच सलग टीप मारा. शिवणीसाठी दोन सेंटिमीटर आपण धरलेच आहेत. काखेच्या गोलाईवर दुसरी टीप मारा, कारण तलवार उगारली की ताण तिथेच येतो. मग गोलाईच्या कडेला कात्रीने तीन-चार लहान काप द्या, पण टिपेला धक्का लावू नका. काप दिले नाहीत तर काखेत कापड गोळा होते. समोरच्या कडा, बाह्यांची टोके आणि तळ पटक्यासारखेच दुमडून शिवा.

गळ्याला दुमड चालत नाही, कारण तो गोल आहे. त्याला उरेब पट्टी लावतात. कापडाच्या उभ्या धाग्यांशी तिरपी कापलेली पट्टी म्हणजे उरेब. सरळ पट्टी ताणली जात नाही. तिरपी ताणली जाते, म्हणून ती गोलाईवर मुकाट्याने बसते. चार सेंटिमीटर रुंदीची पट्टी घ्या. ती गळ्याच्या सुलट बाजूला शिवा, आत वळवा आणि हाताने तुरपाई करा. पहिल्या चोग्याचा गळा थोडा वेडावाकडा येईल. दुरून तो दिसणार नाही. चौथ्याचा चांगला येईल, म्हणून चाँदबीबीचा चोगा शेवटी शिवा.

औरंगाबादचे हिमरू कापड (२०२३ पासून ते शहर छत्रपती संभाजीनगर झाले) अशा पोशाखाला फार शोभेल. पण ते नाटकासाठी कापायचे नसते. त्याऐवजी जुन्या साडीचा जरीचा काठ चोग्याच्या समोरच्या कडांना लावा. दिव्यांच्या उजेडात तो पुरेसा झळकतो.

शिवता शिवता तुम्हांला एक गंमत दिसेल. मराठी शिंप्याच्या दुकानातले अनेक शब्द तुम्हांला घरूनच माहीत आहेत. अस्तर, पन्हा, नेफा, उरेब, पैजामा, कमरबंद. बाहीला मराठीत अस्तनी असाही शब्द आहे, तो तुमच्या आस्तीनचाच भाऊ. उर्दूत घरभेद्या माणसाला आस्तीन का साँप म्हणतात. मराठीत त्यालाच अस्तनीतला निखारा म्हणतात. साप असो की निखारा, बाहीतच लपलेला असतो. व्याकरणाच्या तासाला हे शब्द पाठ करणाऱ्यांनी एकदा शिवणाच्या तासाला यावे.

एक सूचना फार महत्त्वाची आहे. काही नाटकांत मशाल किंवा पणती दाखवतात. नायलॉन किंवा जाळीचे कापड आगीजवळ गेले की वितळते आणि कातडीला चिकटते. सुती कापड वितळत नाही, पण तेही पेट घेते आणि सैल बाही ज्योतीवर सहज जाते. म्हणून मशालीच्या जागी तांबड्या कागदाची मशाल करा आणि आत बॅटरी ठेवा.

रंगीत तालीम पूर्ण पोशाखात घ्या, तीही कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी. त्या दिवशी शिपायांना पळायला सांगा, दासींना जिना उतरायला सांगा, शहजाद्याला घोड्यावर चढल्याचा अभिनय करायला सांगा. जिथे टीप उसवायची असेल तिथे ती त्याच दिवशी उसवू द्या. दुरुस्तीला तीन दिवस मिळतील. कार्यक्रमाच्या दिवशी पडद्यामागे सुई-दोरा, टाचण्या आणि सेफ्टी पिनांची डबी घेऊन एकाने बसावे. वर्गणीच्या भीतीने मागे हटलेल्या मुलाने चोगा शिवायला हात लावला असेल, तर तो दूताचे काम नक्की करील. स्वतः शिवलेला कपडा दुसऱ्याच्या अंगावर पाहणे सोपे नसते.

नाटक झाल्यावर कपडे धुऊन, वाळवून, घडी करून शाळेच्या पेटीत ठेवा. आतल्या बाजूला कापडाची लहान पट्टी शिवून तिच्यावर माप आणि शिवणाऱ्याचे नाव लिहा. घड्यांमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. पुढच्या वर्षी मलिक अंबरचे नाटक करायचे ठरले, तर चार चोगे आणि दहा पटके तयार आहेत. फक्त नवे झगे शिवावे लागतील.

शब्दार्थ

बेतणे : मापाप्रमाणे कापडावर खुणा करून ते कापणे
टीप : मशीनच्या टाक्यांची ओळ, बखिया
पन्हा : कापडाची रुंदी
नेफा : नाडी घालण्यासाठी केलेली पोकळ दुमड
मांजरपाट : साधे, जाडसर सुती कापड
अनामत : परत मिळणारी ठेव
खिंडार : भिंतीला पडलेले मोठे भगदाड
उसवणे : शिवण सुटणे
घरभेद्या : आपल्याच माणसांचा घात करणारा

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मशीनच्या सुईला नाक कोठे असते?
(आ) चाँदबीबीच्या किल्ल्याला वेढा कोणत्या साली पडला?
(इ) एका साडीतून किती पटके निघतात?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) कोरे कापड शिवण्यापूर्वी भिजवतात.
(आ) गळ्याला सरळ पट्टीऐवजी उरेब पट्टी लावतात.
(इ) चाँदबीबीचा चोगा सर्वांत शेवटी शिवायचा.

प्रश्न ३. हिशोब करा.
एका मुलाची छाती बहात्तर सेंटिमीटर आहे. त्याचा चोगा बेतताना काखेजवळची खूण मध्यदुमडीपासून किती सेंटिमीटरवर कराल?

प्रश्न ४. 'अस्तनीतला निखारा' हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा. त्याच अर्थाचा उर्दू वाक्प्रचार वर्गात सांगा.

प्रश्न ५. तुमच्या मते वर्गणीला घाबरून मागे हटलेल्या मुलाशी वर्गमित्रांनी कसे वागावे? आठ-दहा वाक्ये लिहा.

उपक्रम : घरी किंवा शेजारी शिवणकाम करणाऱ्या व्यक्तीला भेटा. तिला आलेला पहिला कपडा कोणता होता, तो कोणासाठी होता आणि त्याचे पुढे काय झाले, ते विचारून वहीत लिहा.